घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे
(नवदीक्षित बौद्ध कुटुंबांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्या वडिलांनी आयुष्यात एकच घर विकत घेतले. दोन खणांचे, पुढे ओटा, मागे परसू. पैसे रोख मोजून दिले, मुद्रांकित कागदावर विकणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांचे अंगठे घेतले, आणि तो कागद बाबासाहेबांच्या तसबिरीमागे जपून ठेवला. पुढे एकोणीस वर्षे घरपट्टी एकदाही थकविली नाही. विकणारा वारला आणि त्याचे मुलगे दारात येऊन उभे राहिले. मी तेव्हा विधी महाविद्यालयात शिकत होतो. मोठ्या ऐटीत तो कागद प्राध्यापकांकडे नेला. त्यांनी तो एकदा वाचला आणि इतकेच विचारले, "याची नोंदणी कोठे झाली?" ती झालेलीच नव्हती. त्या घराची किंमत आम्ही दुसऱ्यांदा दिली. ती देताना आईच्या अंगावरचे होते-नव्हते ते सोने गेले.

तेव्हा आज मी आपणांशी कागदांविषयी बोलणार आहे.

शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीची स्थावर मिळकत विकत घ्यावयाची तर नोंदलेले खरेदीखतच हवे, असे 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आणि 1908 चा नोंदणी कायदा सांगतो. खत लिहून सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत ते दुय्यम निबंधकासमोर हजर करावे लागते. साठेखत हा पुढे विकण्याचा करार होय, विक्री नव्हे. कुलमुखत्यारपत्र देऊन घर 'विकणारे' पुष्कळ भेटतात. त्याने मालकी येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली सूरज लॅम्पच्या निकालात स्पष्ट केले आहे. ग्रामपंचायतीचा नमुना आठ ही कर आकारणीची नोंदवही आहे. घरपट्टी कोणी भरली एवढेच ती सांगते. (याला महसूल खात्याचा आठ-अ समजू नका, तो शेतजमिनीच्या खात्याचा उतारा. दोहोंची गल्लत मी शिकल्या-सवरलेल्यांकडूनही झालेली पाहिली आहे.)

परंतु नोंदलेले खरेदीखत हाती आले म्हणजे सारे झाले, असेही नाही. विकणाऱ्याला विकण्याचा अधिकार होता काय, हा प्रश्न त्याच्याही आधीचा. आपल्या आंबेगाव तालुक्याचेच उदाहरण घ्या. समजा, आपल्यापैकी एखादे कुटुंब नोकरीनिमित्त आहुप्याला गेले आणि तेथे त्याला घर मिळाले. कड्याच्या माथ्यावरच्या त्या गावात बहुसंख्य वस्ती महादेव कोळी बांधवांची आहे. घराखालची जमीन आदिवासी खातेदाराच्या भोगवट्याची असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36 अ प्रमाणे राज्य शासनाच्या मान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी मिळाल्यावाचून ती बिगरआदिवासीला विकता येत नाही. हे बंधन 1974 पासून आहे. जमीन 2006 च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेली असेल, तर ती वारसाने मिळते, विकता मात्र मुळीच येत नाही. असा व्यवहार उधळला तर पैसे आपले जातात आणि घरही जाते.

आपल्यातील काहींना हे बंधन जाचक वाटते. त्यांनी आपल्याच घरातील जुने दप्तर उघडून पाहावे. महार वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदे कौन्सिलात बिल मांडले. पुढे कनिष्ठ गाव वतने नष्ट करणारा कायदा 1958 साली झाला व 1 ऑगस्ट 1959 पासून अमलात आला. त्यान्वये जमिनी आपणांस परत मिळाल्या त्या नव्या अविभाज्य शर्तीने. घरे बांधण्यासाठी ती जमीन विकावयाची तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी हवी आणि ठरलेला नजराणा भरावयास हवा. गावोगावी कवडीमोलाने जमिनी गिळणाऱ्यांना जो थोडाफार अडसर झाला, तो या शर्तीचाच. आपल्यासाठी जे कवच, ते आदिवासींच्या बाबतीत अन्याय कसे ठरेल?

म्हणून विसार देण्यापूर्वी सातबारा काढा. तो गावठाणाबाहेरच्या जमिनीचा असतो. त्यावर 'भोगवटादार वर्ग 2' लिहिले असेल तर तेथेच थांबा. 'इतर हक्क' हा रकाना वाचा. सोसायटीचा बोजा तेथेच दडलेला असतो. निबंधक कार्यालयात मागील तीस वर्षांचा शोध घ्या. खरेदीनंतर सूची क्रमांक दोनची प्रत घ्या आणि फेरफार झाला की नाही ते पाहा. नोंदलेल्या खताने मिळालेला हक्क तलाठ्याला वेगळा कळविण्याचे बंधन नसते; वारसासारखा इतर हक्क मात्र तीन महिन्यांच्या आत कळवावयाचा असतो. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, एवढाच फरक! मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली की ती विरुद्ध सिद्ध होईतो खरी मानली जाते. मालकी मात्र खतानेच येते, फेरफाराने नव्हे.

घर गावठाणात असेल तर सातबारा नसतोच. तेथे मिळकत पत्रिका पाहावयाची. 2020 पासून स्वामित्व योजनेखाली ड्रोनने गावठाणे मोजली जात आहेत. आपल्याच जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावी या मोजणीचा आरंभीचा प्रयोग झाला. चौकशी अधिकारी गावात येतील त्या दिवशी खत घेऊन हजर राहा. आपण मजुरीला गेलो आणि जुन्या मालकाचेच नाव लागले, तर पुढे अपिलाचे हेलपाटे.

नावाचा घोळ तर आपल्याच वाट्याला अधिक. दप्तरात आजोबांचे नाव 'नाक' लावलेले, मुलांनी धर्मांतरानंतर आडनाव बदललेले, आणि आधारपत्रावर तिसरेच. घर वडिलोपार्जित असो वा विकावयाचे असो, आधी वारसनोंद करून घ्या. नाव बदलले असेल तर राजपत्रातील प्रसिद्धीची प्रत जोडा. आणि खतात घरधनिणीचे नाव घालावयास विसरू नका. माझ्या आईचे सोने गेले, पण दुसऱ्या खतातही तिचे नाव नव्हते. ती चूक वकील झालेल्या मुलाची.

सभा संपल्यावर मी येथेच बसणार आहे. ज्यांनी पेटीतले कागद आणले असतील, त्यांनी ते दाखवावेत. मूळ प्रत मात्र कोणाच्याही हाती ठेवून जाऊ नका, माझ्याही नाही.

जयभीम.