पिंपातली चार वर्षे



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला तेव्हा मी 'व्हिस्की' असे सांगितले. ते जरा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "म्हणजे दारूबंदीवर ना?" मी म्हटले, "नाही. व्हिस्की कशी करतात आणि ती चांगली का लागते, यावर." तरीही त्यांनी मला बोलावले, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. काल याच ठिकाणी उपनिषदांवर व्याख्यान झाले, आज हे. वसंत ऋतूत सगळेच फुलते.

माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत, युनियनच्या कचेरीत आणि आपल्या नगरवाचनालयात. १९९१ साली मी डिस्टिलरीत मदतनीस म्हणून लागलो. मळी पातळ करून आंबवायची, ती तापवायची, तिची वाफ उंच खांबांतून चढवायची. शेवटी नळातून जे पडे ते पाण्यासारखे स्वच्छ स्पिरिट. दोन-तीन दिवसांत काम संपले. आपल्याकडे व्हिस्की या नावाने विकल्या जाणाऱ्या पुष्कळशा स्वस्त बाटल्यांत मुख्यतः हेच मळीचे स्पिरिट असते. वर थोडे माल्ट, थोडा स्वाद आणि जळक्या साखरेचा रंग. युरोपात तिला व्हिस्की म्हणून विकता येत नाही. तेथील कायद्याने व्हिस्की धान्याचीच हवी आणि निदान तीन वर्षे लाकडी पिंपात राहिलेली हवी. ज्या मालावर माझे पोट चालले तो माल तिकडच्या कायद्याने त्या नावाचाच नव्हता, हे मला वयाच्या चाळिशीत, वाचनालयातल्या एका पुस्तकातून कळले.

त्यानंतर काही वर्षांनी आमच्या एका जुन्या सभासदाच्या मुलाने अमेरिकेतून एक बाटली आणून दिली. बर्बन. मी ती नाकाजवळ नेली आणि थांबलो. गुऱ्हाळात काहिलीच्या काठावर काकवी थोडी करपते, तेव्हा जो वास सुटतो, तो! मागून व्हॅनिलाचा, मग ओल्या लाकडाचा. चमचाभर पाणी घातले तर वास अधिकच मोकळा झाला. इतकी वर्षे डिस्टिलरीत काढूनही दारूला वास असतो एवढेच मला ठाऊक होते. सुवास असतो हे ठाऊक नव्हते.

हा सुवास येतो कोठून? धान्यातून थोडा, लाकडातून पुष्कळ. बर्बनमध्ये निदान ५१ टक्के मका लागतो. उरलेल्यात राय किंवा गहू आणि मोड आणून वाळवलेले जव. ऊर्ध्वपातन झाल्यावर तीही आमच्या स्पिरिटासारखी बिनरंगाचीच असते. मग ती ओकच्या कोऱ्या पिंपात भरतात. कोऱ्या म्हणजे अगदी नव्या, आणि आतून जाळून कोळसा केलेल्या. एक पिंप सुमारे दोनशे लिटरचे. केंटकीचा उन्हाळा कडक, हिवाळा तितकाच कडक. उन्हाळ्यात दारू फुगून लाकडात शिरते, थंडीत आकसून बाहेर येते, आणि येताना लाकडातली साखर, रंग आणि वास घेऊन येते. वरून रंग घालायचा नाही, स्वाद घालायचा नाही, असा कायदा आहे. दरम्यान पिंपातून दरवर्षी काही भाग हवेत उडून जातो. त्याला ते लोक देवदूतांचा वाटा म्हणतात. आमच्याकडे अशी तूट आली असती तर तिला चोरी म्हटले असते आणि पाळीवरच्या माणसाला नोटीस मिळाली असती.

एकदा वापरलेले पिंप बर्बनला पुन्हा चालत नाही. ते जहाजातून स्कॉटलंडला जाते आणि तेथे स्कॉच पोसते. स्कॉचच्या शौकिनांनी हे ध्यानात ठेवावे. त्यांच्या पेल्यात थोडी केंटकी असतेच.

हे कायदे काही पुण्याईने झाले नाहीत. एकोणिसाव्या शतकात तेथेही कच्च्या स्पिरिटला रंग लावून जुनी व्हिस्की म्हणून विकणारे व्यापारी होते. म्हणून १८९७ साली कायदा झाला: एका डिस्टिलरीतली, एका हंगामातली, सरकारी कुलपाखाली निदान चार वर्षे ठेवलेली, ५० टक्के तीव्रतेची दारू असेल तरच बाटलीवर तशी मोहोर मिळेल. पुढे 'व्हिस्की म्हणजे काय' हा वाद इतका चिघळला की १९०९ साली राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांना त्याचा निकाल द्यावा लागला. आपल्याला हसू येईल. परंतु २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. बाटलीत काय आहे हे ठरवणे हा रसिकांचा चोचला नव्हे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय घेतला तिच्याकडे येतो. जॅक डॅनियल हे नाव येथील तरुणांनाही माहीत आहे. ती टेनेसीची व्हिस्की, बर्बनची सख्खी बहीण. मेपलच्या कोळशातून गाळून पिंपात भरतात एवढा फरक. या जॅक डॅनियलला पोरवयात दारू गाळायला शिकवले ते निअरेस्ट ग्रीन नावाच्या कृष्णवर्णी माणसाने. तो गुलाम होता. गुलामी संपल्यावर डॅनियलच्या डिस्टिलरीचा पहिला मुख्य कारागीर तोच झाला. बाटलीवर नाव मात्र शिष्याचे. गावातल्या लोकांना आणि ग्रीनच्या वंशजांना हे ठाऊक होते. जगापुढे ही गोष्ट ठळकपणे आली २०१६ साली, वर्तमानपत्रातून, आणि मग कंपनीनेही आपल्या इतिहासात त्याला जागा दिली. दीडशे वर्षे! मी ती बातमी वाचली त्या शनिवारी पेला भरला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

केंटकीतही सर्व गोड नाही. बर्बनला जगभर मागणी वाढली तशा पाळ्या वाढल्या. २०१६ साली जिम बीमच्या कामगारांनी संप केला. गाऱ्हाणे होते जादा तासांचे आणि हंगामी माणसांचे. २०२१ साली बार्ड्सटाउनला हेवन हिलचे सुमारे ४२० कामगार सहा आठवडे दारात बसले. मालकांना शनिवार-रविवार पाळ्यांत धरायचे होते. दारूला चार वर्षे विश्रांती, आणि ती करणाऱ्याला रविवारही नको! हे वाचताना मला केंटकी आपल्या तालुक्यातलीच वाटली.

येथे दुसऱ्या रांगेत एक वहिनी बसल्या आहेत. त्यांचे यजमान माझ्याबरोबर डिस्टिलरीत होते. नाव सांगत नाही. हंगामात सलग दोन पाळ्या, सोळा तास. मळीच्या टाकीतला गॅस डोक्यात भिनलेला. पाळी सुटली की भिंतीआड उभ्या-उभ्या एका घोटात, पाणी न घालता, नळाचेच स्पिरिट. चव घेण्यासाठी नव्हे. झोप यावी म्हणून. त्रेचाळिसाव्या वर्षी गेले. या व्याख्यानाची पत्रिका वाचून वहिनी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही पिता ती आनंदाची आणि ह्यांची तेवढी व्यसनाची, असं का?"

मी उत्तर देऊ शकलो नाही, आणि आजही पुरते देत नाही. त्यांचे यजमान माझ्यापेक्षा कमी शहाणे नव्हते. मी युनियनच्या खुर्चीवर गेलो आणि ते टाकीवर राहिले, एवढे खरे. मला शनिवारची संध्याकाळ मिळाली, खुर्ची मिळाली, पुस्तक मिळाले, हळू पिण्याइतका वेळ मिळाला. पण वेळ असूनही बुडालेली मोठी माणसे मी पाहिली आहेत, म्हणून सगळा दोष पाळीवर टाकण्याची मला हिंमत होत नाही. वहिनींच्या महिला मंडळाने वस्तीतले देशी दारूचे दुकान मतदानाने बंद करण्यासाठी अर्ज केला, आपण ज्याला आडवी बाटली म्हणतो तो, तेव्हा मी त्यांच्याबरोबर कचेऱ्यांच्या फेऱ्या मारल्या. त्याच आठवड्यात घरी साठ मिलिलिटर मोजून प्यालोही. माझ्याजवळ आजन्म परवाना आहे, पण तो वहिनींना दाखवण्यात अर्थ नव्हता.

कोणी म्हणेल, परदेशीच चव का? तसे नाही. गोव्याची काजूची फेणी घ्या. बोंडे तुडवून रस काढायचा, आंबवायचा, भाटीवर पहिल्या धारेचा हुर्राक, दुसऱ्यांदा गाळून फेणी. २००९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. तिचा दर्प पहिल्यांदा अंगावर येतो, हे मान्य. पण तिच्यात बोंडूचे झाड आहे, आणि आमच्या स्पिरिटात ऊसही उरत नसे.

त्या बर्बनच्या बाटलीत चार बोटे अजून शिल्लक आहे. चिटणीस घड्याळ दाखवीत आहेत. प्रश्नांसाठी पंधरा मिनिटे आहेत, असे ते म्हणतात. पहिला प्रश्न वहिनींचा असावा, अशी माझी विनंती आहे.