कोरड्या डोळ्यांची पारख



ज्या डोळ्यांतून सारखे पाणी वाहते, तेच डोळे कोरडे असू शकतात, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. डोळ्याचा पृष्ठभाग सुकला की तो चुरचुरतो आणि त्या चुरचुरीनेच पाणी येते. ते ओघळून जाते; कोरडेपणा कायम राहतो.

या विकाराचे मुख्य प्रकार दोन. एकात अश्रूच कमी स्रवतात. दुसऱ्यात पापणीच्या कडेवरील तेलग्रंथी तुंबतात आणि तेलाचे आवरण अपुरे पडल्याने अश्रू लवकर उडून जातात. कित्येकदा दोन्ही दोष एकत्र आढळतात.

जर्मन नेत्रतज्ज्ञ ऑटो शिर्मर यांनी १९०३ मध्ये मांडलेली कसोटी आजही वापरली जाते. गाळण-कागदाची पट्टी खालच्या पापणीत अडकवून ५ मिनिटांत ती किती भिजते, हे मोजतात. डोळ्यात रंगद्रव्य घालून अश्रूंचा थर किती सेकंदांत फुटतो, हेही पाहतात. १० सेकंदांच्या आत फुटल्यास तो अस्थिर समजतात.

पारख झाली की उपचारांची दिशा ठरते. अश्रू कमी असल्यास कृत्रिम अश्रूंचे थेंब, ग्रंथी तुंबल्यास ऊन शेक व पापण्यांची स्वच्छता. माशांच्या तेलातील ओमेगा-३ चा मात्र, २०१८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ५३५ रुग्णांच्या चाचणीत, ऑलिव्ह तेलाहून अधिक गुण दिसला नाही.

म्हणून दुकानातून परस्पर थेंब आणू नयेत. स्टेरॉइडयुक्त थेंब दीर्घकाळ घातल्यास काचबिंदूचा धोका असतो. आणि एखाद्या बालकाचे डोळे कोरडे असून त्यास तिन्हीसांजेनंतर दिसेनासे झाले, तर ते ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाचे लक्षण असू शकते. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी अशा बालकास विनाविलंब आरोग्य केंद्रात पोहोचवावे. वेळीच उपचार झाल्यास त्याची दृष्टी वाचू शकते.