ताश्कंदच्या जाळीदार भिंती

ताश्कंद हे नाव आपल्याकडे घराघरांत पोहोचले ते एका दुःखद वार्तेमुळे. १० जानेवारी १९६६ रोजी भारत-पाकिस्तान करारावर तेथे सह्या झाल्या आणि त्याच उत्तररात्री पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांचे तेथे निधन झाले. पुढे साडेतीन महिन्यांनी, २६ एप्रिलच्या पहाटे, त्याच शहराखालची भूमी हादरली. आकड्यांच्या हिशेबात हा भूकंप फार मोठा नव्हता. परंतु त्याचे केंद्र ऐन शहराखाली आणि अगदी उथळ होते. कच्च्या विटांची घरे ढासळली आणि सुमारे तीन लाख माणसे उघड्यावर आली.

ज्या इमारतींविषयी आज दोन शब्द सांगावयाचे आहेत, त्या या उत्पातानंतरच्या. सोव्हिएत संघाच्या सर्व प्रजासत्ताकांतून कामगार, यंत्रे आणि साहित्य घेऊन आगगाड्या ताश्कंदला आल्या. हे साहाय्य खरेच मोठे होते; मात्र त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पडलेले प्रत्येक घर दुरुस्तीपलीकडचे होते असे नव्हे. रुंद हमरस्त्यांच्या आणि मोकळ्या चौकांच्या शहराचे आराखडे भूकंपाच्या आधीपासूनच नियोजनकारांच्या मनात होते. भूकंपाने त्यांना वाट मोकळी करून दिली. त्या वाटेत आले ते जुने मोहल्ले. हा शब्द आपल्याला नवा नाही. तिकडे मोहल्ला म्हणजे नुसती वस्ती नव्हे. रस्त्याकडे पाठ फिरवून बसलेली घरे, आत अंगण, अंगणावर द्राक्षांचा मांडव, आणि लग्नकार्यापासून मर्तिकापर्यंत एकमेकांच्या दारी उभी राहणारी माणसे.

त्यांच्या जागी कारखान्यांत ओतलेल्या काँक्रीटच्या तयार भिंतींची घरे उभी राहिली. अशी घरे मॉस्कोतही होती. पण मॉस्कोत सूर्य हवाहवासा वाटतो. ताश्कंदच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा तो चुकवावा लागतो. येथेच या वास्तुकलेची खरी कसोटी लागली, आणि तिला उत्तर सापडले ते जुन्या कारागिरांच्या घरी. उझबेक घरांच्या खिडक्यांना भौमितिक नक्षीची जाळी असते, तिला ‘पंजरा’ म्हणतात. आपल्याला साहजिकच पिंजऱ्याची आठवण होते.

हा पंजरा भव्य प्रमाणावर आला तो १९७० साली, लेनिनच्या जन्मशताब्दीनिमित्त उभारलेल्या लेनिन संग्रहालयावर. येवगेनी रोझानोव आणि व्हसेवोलोद शेस्तोपालोव हे त्याचे वास्तुशिल्पकार. काचेच्या तळमजल्यावर ठेवलेली एक शुभ्र चौकोनी पेटी, आणि तिच्या भिंतींवर सबंध जाळी. ही जाळी केवळ प्रादेशिक पोशाख आहे, असा आक्षेप घेता येईल. एका अर्थी तो खराही आहे, कारण कोणती परंपरा किती प्रमाणात दाखवावयाची, हे ठरविणारी सत्ता दूर मॉस्कोत होती. तरीही प्रस्तुत वक्त्याला ही वास्तू मानवते. कारण जाळीचे मूळ काम तिच्यात शिल्लक आहे. ती ऊन अडवते, उजेड गाळून आत सोडते. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विलयास गेला, लेनिन तेथून गेले, आणि ती वास्तू उझबेकिस्तानच्या इतिहासाचे संग्रहालय झाली. जाळीला काही बदलावे लागले नाही. १९७४ च्या ‘हॉटेल उझबेकिस्तान’वरही अशीच जाळी आहे, उघड्या पुस्तकासारखी ती इमारत मात्र जवळून पाहण्यापेक्षा दुरून पाहावी.

भुयारी रेल्वे १९७७ मध्ये सुरू झाली, मध्य आशियातील पहिली. अंतराळवीरांच्या नावाच्या स्थानकात गागारिन व तेरेश्कोवा यांच्या चित्रांच्या पंक्तीत समरकंदचा ज्योतिर्विद राजा उलुग बेगही आहे. इतकी देखणी स्थानके, पण त्यांची छायाचित्रे घेण्यास २०१८ पर्यंत मनाई होती!

या सर्वांत धाडसी प्रयोग १९८५ चा. आयदिनोवा या स्त्री वास्तुशिल्पकाराने ‘झेमचुग’, म्हणजे मोती, या नावाची सोळा मजली निवासी इमारत उभी केली. तीत दर तीन मजल्यांना मिळून एक उघडे सामाईक अंगण आहे. मोहल्ला जणू उभा करून आकाशात नेला. जमिनीवर जे मोडले त्याची भरपाई हवेत होते काय? अंगण वरून दिले, तरी शेजार वरून देता येत नाही, असे वाटते. तथापि येथे निदान प्रश्न तरी बरोबर विचारला गेला होता. अशा इमारती अनेक व्हावयाच्या होत्या, झाली ती एकच.

आता पाळी या इमारतींची आहे. १९८२ मध्ये उघडलेले ‘दोम किनो’ हे चित्रपटगृह ‘ताश्कंद सिटी’ नावाच्या नव्या व्यापारी वसाहतीसाठी २०१७-१८ च्या सुमारास पाडण्यात आले. परकी राजवटीची खूण म्हणून ते गेले असते, तर निदान वाद घालता आला असता. पण त्याच वसाहतीसाठी त्याच्याबरोबर शेजारचे जुने मोहल्लेही गेले, १९६६ च्या भूकंपातून वाचलेले. नव्या मनोऱ्यांना भिंती काचेच्या आहेत. त्यांवर जाळी नाही. आत थंड हवेची यंत्रे आहेत.