साधना आणि सिद्धि

गाण्याची आवड असलेल्या घरांत मूल जरा सुरांत गुणगुणलें, कीं कौतुकाला उधाण येतें. तंबोरा आणला जातो, गुरूंचा शोध होतो, आणि पहांटेच्या रियाजानें सारें घर जागें होऊं लागतें. परंतु वीस वर्षांच्या परिश्रमानंतरहि त्या गळ्यांत अपेक्षित तेज उतरलें नाहीं, तर काय करावयाचें, हा प्रश्न मात्र कोणी उघड विचारीत नाहीं. श्री. चैतन्य ताम्हाणे यांनीं आपल्या ‘द डिसायपल’ या २०२० सालच्या मराठी बोलपटांत तोच प्रश्न विचारला आहे.

कथा मुंबईची आहे. तिचा आरंभ २००६ सालीं होतो. शरद नेरुळकर या तरुणाला गाण्याचा नाद वडिलांनीं लावला. त्यांना स्वतःला मैफलींत नांव मिळालें नव्हतें. शरद पंडित विनायक प्रधान या वृद्ध गुरूंपाशीं शिकतो, त्यांच्या अंगाला तेल चोळतो, त्यांच्या औषधपाण्याची काळजी वाहतो. पोटासाठीं तो जुन्या ध्वनिमुद्रणांचें काम करतो. रात्रीं सुनसान रस्त्यांवरून मोटारसायकलीनें जातांना तो ‘माई’ नांवाच्या विख्यात गायिकेचीं व्याख्यानें ऐकतो. या माई पडद्यावर दिसत नाहींत. त्यांचा केवळ आवाज ऐकूं येतो, आणि तो दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा आहे. संगीताच्या उपासकानें लोभ, कीर्ति व संसार यांवर पाणी सोडावें, असा माईंच्या बोलण्याचा मथितार्थ.

स्पर्धेंत शरदला बक्षीस मिळत नाहीं. परिश्रमांत कसूर नाहीं, निष्ठेंत खोट नाहीं. तरीहि गाणें मोकळें होत नाहीं. गुरु त्याची खोटी स्तुति करीत नाहींत. वर्षें लोटतात, शरीर जड होतें. संगीतशिक्षक झालेल्या शरदकडे एका विद्यार्थ्याची आई येते, आणि मुलाला मिश्रसंगीताच्या वाद्यवृंदांत गाऊं द्यावें काय, असें विचारते. त्यावर तो जें उत्तर देतो, त्यांतील कडवटपणा त्या मुलावरचा नसून स्वतःवरचा आहे, हें प्रेक्षकाला तत्काळ कळतें. एक जाणकार संग्राहक माई व गुरु यांच्याविषयीं अप्रिय गोष्टी सांगतो, तेव्हां शरद हातांतील पेला त्याच्या तोंडावर रिकामा करतो. देवघरांतील मूर्तींवर कोणी हात टाकावा, तसा तो चवताळतो. कारण त्या मूर्ति खोट्या ठरल्या, तर तारुण्याचा हिशेब कोणाकडे मागावयाचा?

शरदची भूमिका करणारे श्री. आदित्य मोडक आणि गुरूंच्या भूमिकेंतील पं. अरुण द्रविड हे दोघेहि मूळचे गवई. त्यामुळें मैफलीच्या बैठकींत कोठेंहि नाटकीपणा शिरत नाहीं. व्हेनिसच्या महोत्सवांत या बोलपटाला उत्कृष्ट पटकथेचें पारितोषिक मिळालें. तेथील मुख्य स्पर्धेंत २००१ सालच्या ‘मॉन्सून वेडिंग’नंतर भारतीय चित्रपट आला नव्हता.

शेवटीं भर मैफलींत शरद गातां गातां थांबतो व उठून जातो. पुढें तो संसार थाटतो आणि जुन्या संगीताच्या जतनाचा व्यवसाय पत्करतो. अखेरच्या प्रसंगीं आगगाडीच्या डब्यांत एक फिरता गायक गात गात पुढें जातो; शरद पत्नी व मुलीसह मुकाट्यानें बसलेला असतो.

ज्या घरांत एखादें मूल तंबोरा घेऊन बसत असेल, तेथें हा बोलपट अवश्य पाहिला जावा. मुलाला रियाज शिकवितांना एवढेंहि सांगावें कीं, गळ्याची सीमा ओळखणें हा संगीताचा द्रोह नव्हे. जाणत्या श्रोत्यावांचून मैफल भरत नाहीं, आणि जतन करणारांवांचून परंपरा टिकत नाहीं. शरदला हें कोणी वेळीं सांगितलें असतें, तर त्याचीं कितीतरी वर्षें वांचलीं असतीं. कदाचित् त्याचें गाणेंहि मोकळें झालें असतें.