फोन भावाच्या हातात होता: लॉकडाऊन, गावाकडची पोरं आणि समानतेच्या गप्पा

हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. ज्यांच्याकडे रेंजचा प्रॉब्लेम आहे किंवा हेडफोन घरच्या दुसऱ्याच कुणाकडे आहे, त्यांच्यासाठी मुद्दाम इथे टाकतोय. बोलतानाची भाषा जवळपास तशीच ठेवली आहे.

माझी ओळख थोडक्यात. मी कुंभार पिंपळगावचा, तालुका घनसावंगी, जिल्हा जालना. बी.टेक. केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. कोरोनात वर्क फ्रॉम होम मिळालं आणि बरेच महिने गावाकडूनच काम केलं. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. मुलगा-मुलगी समान, घरकाम दोघांचं, लहान वयात लग्न नको, हे सगळं पोरांशी समोरासमोर बसून बोलायचं काम असतं. मग लॉकडाऊनमध्ये समोरासमोर बसणंच बंद झालं, तेव्हा या कामाचं काय झालं? आणि ते नव्याने करायचं तर कसं करायला पाहिजे?

आधी हे काम कसं चालायचं?

महाराष्ट्रात हे काम नवं नाही, बरं का. १९९१ मध्ये मुंबईत एका पत्रकाराने पेपरात जाहिरात दिली होती. बायकोला मारणं चूक आहे असं मानणारे पुरुष हवेत, असा तिचा आशय. दोनशेहून जास्त पुरुषांनी उत्तर दिलं. त्यातूनच १९९३ मध्ये 'मावा' ही संस्था उभी राहिली, म्हणजे 'मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज'. हरीश सदानी त्या पहिल्या पुरुषांपैकी एक. पुढे त्यांनी कॉलेजच्या पोरांसोबत 'युवा मैत्री' सुरू केलं.

पुण्यात 'इक्वल कम्युनिटी फाउंडेशन' आहे. ते वस्त्यांमधल्या किशोरवयीन मुलांसोबत काम करतात. दर आठवड्याला सत्र, गोल करून बसायचं, खेळ आणि चर्चा. मुंबईत २००८ पासून महापालिकेच्या शाळांमध्ये 'जेम्स' नावाचा उपक्रम झाला, सहावी-सातवीच्या मुलामुलींसाठी. घरात कोण कोणतं काम करतं, याची यादी पोरांनीच करायची, असे त्यातले तास.

आता आपल्या जवळचं उदाहरण. पैठण तालुक्यातलं पाचोड. तिथली 'इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट' १९७०च्या दशकाच्या शेवटापासून गावागावांत आरोग्याचं काम करते. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यांनी लग्न न झालेल्या किशोरवयीन मुलींसाठी जीवनकौशल्याचे वर्ग घेतले. रोज संध्याकाळी एक तास, आठवड्याचे पाच दिवस, वर्षभर. शिकवणाऱ्या बाया गावातल्याच. १९९७ ते २००१ या काळात त्या गावांमध्ये मुलींच्या लग्नाचं मध्यम वय १६ वरून १७ वर गेलं. एकच वर्ष ना, असं वाटेल. पण १६ आणि १७ मध्ये दहावीचा निकाल येतो, अकरावीचा प्रवेश येतो, आणि 'मला अजून शिकायचंय' असं म्हणायची हिंमत येते.

या सगळ्या कामांत एक गोष्ट सारखी आहे. जागा. शाळेचा वर्ग, समाजमंदिर, मैदान, पार. दर आठवड्याला, नाहीतर रोज, ठरलेल्या वेळी तिथे यायचं. सर्वांनी यायचं. आणि एखादी आली नाही तर लगेच कळायचं की आली नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

मार्च २०२०

२५ मार्चला देशभर लॉकडाऊन लागला. शाळा त्याआधीच बंद झाल्या होत्या. आमच्या मतदारसंघाचे तेव्हाचे आमदार राजेश टोपे हेच राज्याचे आरोग्यमंत्री होते. त्यामुळे रोज टीव्हीवर आपल्या तालुक्याचा माणूस आकडे सांगताना दिसायचा आणि घरातली म्हातारी माणसंही बातम्या लावून बसायची.

पण काही आकडे त्या बातम्यांत कमी दिसले. चाइल्डलाइनच्या १०९८ नंबरवर २० ते ३१ मार्च या काळात, छळापासून आणि हिंसेपासून वाचवा म्हणणारे ९२ हजारांहून जास्त फोन आले. हा देशाचा आकडा आहे. 'घरात राहा, सुरक्षित राहा' ही सूचना प्रत्येक घरासाठी खरी नव्हती, हे त्यावरून समजतं.

दुसरं म्हणजे लग्नं. आपल्याकडे हा प्रश्न कोरोनाने आणला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचं महाराष्ट्रातलं काम २०१९ मध्ये, म्हणजे कोरोनाच्या आधी झालं. त्यात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी १८च्या आत लग्न झालेल्या राज्यात जवळपास २२ टक्के होत्या. परभणीत ४८ टक्के. बीडमध्ये जवळपास ४४. आपल्या जालन्यात साधारण तिघींमध्ये एक.

आणि मग लॉकडाऊन आला. लग्नाला आधी ५० माणसं, पुढे एप्रिल २०२१ मध्ये तर २५ माणसं आणि दोन तास. ज्या बापाला मांडव, जेवणावळ, मानपान यांचं कर्ज डोळ्यासमोर दिसत होतं, त्याला वाटलं की आत्ताच उरकून टाकावं. शाळा बंद, पोरगी घरात, हाताला काम नाही. ऊसतोडीच्या पट्ट्यात तर 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीला मिळते, म्हणून लग्न लवकर. कारखान्यांवर अडकलेले लाखाहून जास्त ऊसतोड कामगार एप्रिल २०२० मध्ये घरी परतले, ते पुढच्या हंगामाची काळजी घेऊनच. मार्च २०२१ मध्ये युनिसेफने इशारा दिला की महामारीमुळे जगात या दशकात एक कोटी जादा बालविवाह होऊ शकतात.

म्हणजे ज्या वेळी या कामाची सगळ्यात जास्त गरज होती, नेमकी त्याच वेळी जागा गेली.

'व्हॉट्सॲप ग्रुप करू ना!'

आता माझ्या क्षेत्रातला माणूस काय म्हणेल? सोपं आहे, ग्रुप काढू, व्हिडिओ टाकू, झूम लावू. ठिकठिकाणी तसं झालंही. पुण्या-मुंबईतल्या संस्थांचंही बरंचसं काम फोनवर आलं.

पण सॉफ्टवेअरमध्ये पहिला धडा असतो की युजर कोण ते विचारा. गावातल्या घरात स्मार्टफोन कुणाचा असतो? बापाचा, नाहीतर मोठ्या भावाचा. त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या सुमारे ६२ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलं होतं, बायकांपैकी ३८ टक्क्यांनी. आणि हे शहरं धरून. बहिणीच्या ऑनलाइन तासाला फोन मिळणार तो भावाचा पबजी संपल्यावर, बाप शेतातून आल्यावर, आणि चार्जिंग उरलं असेल तर.

म्हणजे 'मुलींसाठी' काढलेला ग्रुप प्रत्यक्षात भाऊ वाचतो. ताईने मैत्रिणीला पाठवलेला मेसेज आधी त्याच्या नजरेखालून जातो. वर्गात मुलगी गैरहजर असली की बाईंना कळायचं. ग्रुपवर कोण गप्प आहे आणि कुणाचं लग्न ठरतंय, ते निळ्या टिकवरून कळत नाही.

आज मला एवढी एकच गोष्ट पोचवायची आहे. महामारीत समानतेचं काम फोनवर नेणं म्हणजे नुसतं माध्यम बदलणं नव्हतं. फोन ज्याच्या हातात, दार त्याच्या हातात. म्हणून अशा काळात कामाची सुरुवात त्या पोरापासून करावी लागते. त्याला बहिणीचा राखणदार करायचं नाही. दार उघडं ठेवायला शिकवायचं.

मग बदल काय करावे लागतात?

एक. व्हिडिओ सोडा, आवाज घ्या. दोन-तीन मिनिटांची ऑडिओ क्लिप टू-जी रेंजवरही उतरते. साध्या बटणाच्या फोनवर कॉन्फरन्स कॉल लागतो. चार-पाच पोरं, वीस मिनिटं, ठरलेला वार. पन्नास जणांच्या ग्रुपमध्ये कुणी मनातलं बोलत नाही. चौघांत बोलतं.

दोन. वेळ पोरांना विचारा. दुपारी फोन बापासोबत शेतात असतो. संध्याकाळी घरी येतो, पण तेव्हा घरही भरलेलं असतं.

तीन. प्रश्न असे विचारा की उत्तर 'हो' किंवा 'नाही' मध्ये देता येईल. हे फार महत्त्वाचं. समोर आई-बाबा बसलेत आणि ताई फोनवर विचारतेय, 'घरी मारहाण होते का?' पोरगं काय बोलणार? तेच 'आत्ता बोलायला मोकळा आहेस का? नंतर फोन करू का?' असं विचारलं तर 'हो' म्हणता येतं. आणि मुलीला तिच्या अडचणीबद्दल लेखी मेसेज पाठवूच नका. फोन तिचा नाही, हे कायम गृहीत धरा.

चार. घर हीच प्रयोगशाळा. हा लॉकडाऊनचा एकमेव फायदा म्हणा. वर्गात 'घरकाम कुणाचं' यावर चर्चा व्हायची आणि पोरं घरी जाऊन ताटावर बसायची. लॉकडाऊनमध्ये सगळेच घरात. म्हणून टास्क द्यायचा: आज पहाटेपासून रात्रीपर्यंत आईने केलेल्या कामांची यादी कर, वेळेसकट. उद्या त्यातलं एक काम तू कर. परवाही तेच कर. चौथ्या दिवशी सांग, घरात कोण काय बोललं. 'बायल्या झाला का रे' असं कुणीतरी म्हणणारच. खरी चर्चा तिथून सुरू होते, कारण आता तो प्रश्न पुस्तकातला राहत नाही, त्याच्या स्वतःच्या अंगावर आलेला असतो.

पाच. आधी पोट, मग प्रबोधन. घरात किराणा संपलाय आणि तुम्ही फोन करून समानतेवर बोलताय, तर कोण ऐकेल? पहिला कॉल 'सगळे बरे आहात ना, धान्य आहे का' एवढाच असायला हवा. विश्वास तिथे तयार होतो.

आणि फोनशिवाय?

सगळं फोनवरच व्हायला पाहिजे असंही नाही. २०२० मध्ये नागपूर आकाशवाणीवर 'शाळेबाहेरची शाळा' हा कार्यक्रम चालला. रेडिओ मोठ्याने लागतो, घरातल्या सगळ्यांच्या कानावर पडतो, त्याला पासवर्ड नसतो. सोलापूरच्या नीलमनगरमध्ये शिक्षकांनी वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. भिंत भावाची किंवा बहिणीची नसते. धडे भिंतीवर येतात, तर १०९८ का येऊ शकत नाही?

आणि तिसरं माध्यम म्हणजे माणूस. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम निघाली, आशाताई घरोघरी ऑक्सिजन मोजत फिरल्या. सगळी दारं बंद असताना आशा आणि अंगणवाडीताई उंबऱ्यापर्यंत पोचत होत्या. 'पोरगी दिसत नाही, कुठंय?' हा प्रश्न त्याच विचारू शकत होत्या. वर्गातलं ते हजेरीचं काम, जे व्हॉट्सॲपला जमलं नाही, ते त्यांना जमण्यासारखं होतं. त्यांच्यावर आधीच किती ओझं होतं, हेही विसरू नका. म्हणून गावातल्या चार पोरांनी त्यांच्यासोबत उभं राहायचं.

आज याचं काय करायचं?

कोरोना गेला, मास्क गेले. पण दुष्काळ आहे, पूर आहे, ऊसतोडीचं स्थलांतर दरवर्षी आहे. जागा पुन्हा कधीही बंद होऊ शकते. आणि फोन अजूनही बऱ्याच घरांत भावाच्याच हातात आहे. हा भाग ऐकणाऱ्यांत असे भाऊ खूप असणार, म्हणून थेट तुमच्याशी बोलतो.

कायदा लक्षात ठेवा: मुलगी १८, मुलगा २१. बालविवाह होतोय असं कळलं तर १०९८ वर फोन करा, अगदी लग्नाच्या आदल्या रात्रीसुद्धा. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, आणि अंगणवाडीताईंची त्याला मदत असते. भावकीत वाईटपणा येईल ही भीती खरी आहे, मी नाकारत नाही. म्हणून एकट्याने जाऊ नका, चौघं मिळून जा.

आणि एक छोटा टास्क, आजच्यासाठी. रोज एक तास तुमचा फोन बहिणीला द्या. लॉक काढून. परत घेतल्यावर कॉल लिस्ट बघायची नाही, 'कुणाशी बोलत होतीस' विचारायचं नाही. सात दिवस करून बघा. तुम्हाला किती अवघड गेलं आणि का गेलं, ते मला व्हॉइस नोटमध्ये सांगा. नाव नाही सांगितलं तरी चालेल.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि आज जेवण झाल्यावर आपलं ताट आपण उचला.