सोप्यापासून साईटपर्यंत



गृहसजावटीचं हे संमेलन मुरगूडला भरतंय याचं मला मोठं समाधान आहे. इथल्या मुलामुलींचा एक प्रश्न मला सारखा भेटतो. "मॅडम, आम्ही मोठी हॉटेलं, बंगले पाहिलेच नाहीत. आम्ही इंटिरियर कसं करणार?" माझं आजचं सगळं बोलणं त्यांच्यासाठी आहे.

आपल्या कागल तालुक्यानं मराठीला आनंद यादव दिले. 'झोंबी'त त्यांनी आपलं कागलचं बालपण मांडलं आणि 1990 साली त्या पुस्तकाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. बालपण हे लेखकाचं भांडवल असतं, हे आपण एका शब्दात मान्य करतो. घर सजवणाऱ्याच्या बाबतीत मात्र ते मान्य करायला आपणच बिचकतो.

याच कागलात एस. फत्तेलाल जन्मले. सिनेमावाले त्यांना साहेबमामा म्हणत. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या हाताखाली ते तयार झाले. खुद्द बाबूराव मूळचे मेस्त्री, वडील सुतार-लोहारकामातले. हत्यारं घरात होती, म्हणून तर पुढं नाटकांचे पडदे रंगवणारा हा माणूस स्वतःचा कॅमेराही घडवू शकला. 1929 साली कोल्हापुरात 'प्रभात' फिल्म कंपनी निघाली, तिच्या भागीदारांत फत्तेलाल होते आणि तिथलं कलादिग्दर्शन त्यांनी सांभाळलं. तिथले दुसरे भागीदार दामले यांच्याबरोबर त्यांनी दिग्दर्शित केलेला 1936 चा 'संत तुकाराम' पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. विद्यार्थ्यांनी तो चित्रपट एकदा फक्त घरासाठी पाहावा. तुकोबांचं घर गरिबाचं आहे, पण त्याची गरिबी सजवलेली नाही. त्यांची बायको आवली तिथं वावरते ती त्या घरात राबणाऱ्या बाईसारखीच. असं घर नुसत्या कागदावरून उभं राहत नाही; आपल्या भागातली घरं लहानपणापासून फत्तेलालांच्या डोळ्यांत मुरलेली असणार, असं मला ते पाहताना दर वेळी वाटतं.

लांबचंही एक नाव सांगते. स्वित्झर्लंडचे वास्तुकार पीटर झुमथोर. वडील फर्निचर करणारे, स्वतःही आधी तेच काम शिकले. लहानपणी मावशीच्या बागेत शिरताना हाताला लागणारी दाराची मूठ त्यांना आयुष्यभर आठवत राहिली, असं त्यांनी लिहून ठेवलंय. 2009 साली त्यांना प्रित्झकर हा वास्तुकलेतला सर्वोच्च मान मिळाला.

आता आपल्या घरात या. पुढचा सोपा, मधलं माजघर, मागचं परडं. मातीची भिंत दीड-दोन फूट जाड, आणि त्या जाडीतच कोरलेली देवळी. तिच्यात दिवा ठेवला की तीन बाजूंनी वारा अडतो, ज्योत फडफडत नाही. देवळीच्या आतल्या पांढऱ्या मातीवरून उजेड पुढं फेकला जातो. येणाजाणाऱ्याचा धक्का लागत नाही, पदर पेटत नाही. माजघराला खिडकी नसायची, म्हणून कौलांत मधेच एक काच बसवलेली. तिच्यातून पडणारा उन्हाचा तुकडा जमिनीवरून सरकत जायचा आणि तो चुलीपाशी पोहोचला की आई रानात भाकरी पाठवायच्या तयारीला लागायची. प्रकाशयोजनेचा माझा पहिला धडा तो. पुढं कॉलेजात जे शिकले ते त्याच धड्याचं गणित होतं.

पण इथंच आपली गल्लत होते. बालपण आठवलं की आपण बैलगाडीचं चाक भिंतीला ठोकतो, कंदिलात बल्ब घालतो, प्लायवूडला लाकडाच्या रेघांचं लॅमिनेट चिकटवतो आणि 'गावाकडचा लूक' म्हणून बिल लावतो. मला हे मनापासून खुपतं. जुन्या घरातली वस्तू उचलण्याआधी ती तिथं का होती, हे विचारलंच पाहिजे. कोल्हापुरातल्या एका फ्लॅटचं काम करत होते. घरातल्या आजींना भारी सोफा होता, तरी त्या दिवसभर आतल्या खोलीत पडून असायच्या. त्यांचा जन्म सोप्यात गेलेला: पाय खाली सोडून बसायचं, रस्ता दिसला पाहिजे, हाताशी निवडायला भाजी पाहिजे. आम्ही खिडकीला लागून 16 इंच उंचीचा लांब कट्टा केला, उठताना धरायला बाजूला लाकडी खांब दिला. आजी बाहेर येऊन बसायला लागल्या. त्या फ्लॅटमध्ये गावाकडची एकही वस्तू नव्हती.

नुसत्या आठवणींवर धंदा चालत नाही, हेही सांगते. ड्रॉइंग, वायरिंग, प्लंबिंग, सुताराशी बोलण्याची भाषा आणि चोख हिशेब हे शिकावंच लागतं.

मला खरी घाई वेगळ्याच गोष्टीची आहे. 2019 आणि 2021 च्या महापुरांत जिल्ह्यात कितीतरी मातीची घरं बसली. लोकांनी स्लॅब टाकला, तो योग्यच केला. पुराच्या पाण्यात पडणाऱ्या भिंतीत कुणी राहावं, असं मी म्हणणार नाही. पण ती घरं गेली तेव्हा त्यांची मापंही गेली. म्हणून विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे: या दिवाळीच्या सुट्टीत आपल्या नाहीतर शेजारच्या एका जुन्या घराला टेप लावा. उंबऱ्याची उंची, देवळीची खोली, काच कुठल्या कौलांत आहे, उजेड कोणत्या वेळी कुठं पडतो, सगळं लिहा. घरातल्या थोरल्या बाईला शेजारी बसवून विचारा, कारण वापर तिलाच ठाऊक असतो. ही ड्रॉइंगं तपासून द्यायचं काम मी स्वतः करीन, आणि पुढच्या संमेलनात मंडपाच्या भिंती त्यांनीच भरतील, एवढी व्यवस्था संयोजकांनी करावी.