निघून जाणारे आणि बोलणारे



 स्वागताध्यक्षाने बीड जिल्ह्याची थोरवी सांगायची असते, पण परळीचा वैजनाथ आणि अंबाजोगाईचे मुकुंदराज आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. शिवाय स्थलांतरावरच्या परिषदेत यजमानाने आपल्याच मातीचे गोडवे गाणे मला जरा विसंगत वाटते; माती इतकी धरून ठेवणारी असती तर ही परिषद कशाला भरली असती? म्हणून मी माझ्या वाट्याचा वेळ एका परक्या माणसासाठी मागतो. आल्बर्ट हर्शमन हे त्यांचे नाव. ते निर्वासित होते, हुकूमशाहीविरुद्धचे कार्यकर्ते होते आणि अर्थतज्ज्ञही होते. माणूस गाव सोडतो तेव्हा नेमके काय होते, हा आपला प्रश्न त्यांनी जितका नेटका मांडला तितका फार थोड्यांनी मांडला असेल.

हर्शमन 1915 साली बर्लिनमधल्या ज्यू कुटुंबात जन्मले. 1933 मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि अठराव्या वर्षी त्यांनी देश सोडला. पॅरिस, लंडन, मग 1936 मध्ये स्पेनच्या प्रजासत्ताकाच्या बाजूने लढाईत, तिथून इटलीत. 1938 मध्ये त्रिएस्त येथे त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि त्याच वर्षी इटलीनेही ज्यूविरोधी कायदे केल्यावर तोही देश सुटला. 1940 मध्ये फ्रान्स पडला तेव्हा ते मार्सेय बंदरात निर्वासितांना फ्रान्सबाहेर काढणाऱ्या व्हेरियन फ्राय या अमेरिकी पत्रकाराचे उजवे हात होते. बनावट कागदपत्रे जमवणे, पिरेनीज पर्वतातल्या वाटा शोधणे ही त्यांची कामे, आणि त्या यंत्रणेने वाचवलेल्यांत चित्रकार मार्क शगालही होते. अखेर त्याच डोंगरातून पायी निघून 1941 च्या आरंभी ते अमेरिकेला पोचले. पुढे ते कोलंबियात विकासाचे सल्लागार झाले, नंतर प्राध्यापक. 2012 मध्ये ते वारले.

एवढ्या वेळा निघून गेलेल्या या माणसाने 1970 साली पुस्तक लिहिले ते निघून जाण्याच्या मर्यादांवर. एखादी संस्था बिघडू लागली की माणसापुढे दोन वाटा असतात: सोडून जाणे किंवा तिथेच राहून आवाज उठवणे. बाजार मानणारे अर्थतज्ज्ञ पहिल्या वाटेवर भिस्त ठेवतात. गिऱ्हाईक गेले की दुकानदार सुधारतो म्हणतात. हर्शमन यांना नायजेरियाच्या रेल्वेत उलटे दिसले. मालमोटारींची स्पर्धा असूनही रेल्वे सुधारेना, कारण ज्यांनी आरडाओरडा केला असता तेच गिऱ्हाईक आधी मोटारींकडे वळले. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांचे याहून वेगळे काय झाले? शिक्षक आला नाही तर जाब विचारणारा पालक आपले पोर तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालतो, आणि शाळेत उरतात ती न विचारणाऱ्यांची मुले.

हेच माप ऊसतोडीला लावून पाहा. पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर इथली माणसे दिवाळीच्या मागेपुढे कारखान्यांवर जातात. ज्याच्या मनगटात जोर आहे तो आणि त्याची बायको मिळून एक ‘कोयता’, म्हणजे गावात भांडू शकणारे वयच गावाबाहेर. 26 जानेवारीची ग्रामसभा भरते तेव्हा तलावाच्या गाळाबद्दल आणि रोजगार हमीच्या कामाबद्दल बोलायचे ते लोक कोल्हापूरच्या किंवा बेळगावच्या फडात असतात. 20 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचे मतदान झाले तेही हंगाम सुरू झाल्यावर. बरे, जाणाऱ्याला तरी जाण्याची ताकद मिळते का? तीही नाही. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेला मजूर मुकादम सोडून जाऊ शकत नाही, आणि बाईने पाळीत दुखते म्हणून एक दिवस बसायचे म्हटले तर खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, पडतो. याचे टोक कुठे जाते ते पाहा. 2019 मध्ये शासकीय पाहणीत जिल्ह्यातल्या सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. गावात आवाज नाही आणि फडात सुटका नाही, अशी ही दुहेरी कोंडी आहे. हर्शमन यांच्या मांडणीत तिला वेगळे नाव नाही. ते आपल्यालाच द्यावे लागेल.

यावर आक्षेप येतील, आणि ते रास्त आहेत. पहिला असा की जीव वाचवायला पळालेला ज्यू आणि पोटासाठी जाणारा मजूर यांची तुलनाच चूक. खरे आहे, दोघांची दुःखे मी एका तराजूत घालत नाही. पण मागे राहिलेल्यांचे काय होते हा प्रश्न दोन्हीकडे आहे. हर्शमन यांनी पुस्तकाच्या जर्मन आवृत्तीत कबूल केले की तरुण, धडाडीचे लोक आधी निघून गेल्याने मागे राहिलेला ज्यू समाज दुबळा झाला, आणि ही बोच त्यांच्या मांडणीच्या मुळाशी असावी. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ऊसतोड नसती तर बालाघाटावरच्या कोरडवाहू घरांत चूल पेटली नसती, आणि गावात राहून खायचे काय? मान्य. जाणे थांबवा असे मी म्हणतच नाही. तिसरा आक्षेप संघटनांचा असेल, की आम्ही कोयता बंद केला आणि 2024 च्या जानेवारीत तोडणीचे दर 34 टक्क्यांनी वाढवून घेतले, तो आवाज नव्हे काय? आहेच. पण तो टनाच्या दराचा आवाज आहे. गावच्या पाण्याचा, शाळेचा, दवाखान्याचा आवाज त्यातून आपोआप निघत नाही.

जाणे आणि बोलणे यांत वैरच असते असे नाही, हे हर्शमन यांनाही उशिरा पटले. 1989 मध्ये पूर्व जर्मनीतून लोक हंगेरीमार्गे पळू लागले, आणि त्याच दिवसांत मागे राहिलेले लाइपझिगच्या रस्त्यांवर उतरले. हे पाहून हर्शमन यांनी 1993 च्या निबंधात आपलाच सिद्धांत दुरुस्त केला. मराठवाड्याला हे त्याआधी चाळीस वर्षे ठाऊक होते. 1947-48 मध्ये रझाकारांच्या छळाने कुटुंबे निजामाची हद्द ओलांडून गेली, आणि त्याच हद्दीवरच्या कॅम्पांतून मुक्तिलढा चालला. गेलेल्यांची मागच्यांशी नाळ तुटली नव्हती, परतायचे ठिकाण ठरलेले होते आणि कशासाठी बोलायचे तेही ठरलेले होते. फडावरच्या कोप्यांतून गावच्या ग्रामसभेत मत कसे नोंदवता येईल, उचलीचा हिशेब मजुराच्या हाती कसा राहील, हंगामात गाव रिकामे असताना घेतलेले ठराव ग्राह्य धरावेत का, ही कामाची चर्चा आपण इथे करावी अशी माझी विनंती आहे.

म्हणूनच ही परिषद पट्टा पडल्यानंतर, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर, ठेवली. उन्हाचा त्रास होणार याची कल्पना होती, पण थंडीत भरवली असती तर ज्यांच्याविषयी बोलायचे तेच आले नसते. पहिल्या सत्रात व्यासपीठावर कोयत्यावर जाणाऱ्या महिला बसतील आणि अभ्यासक समोर. शोधनिबंध दुपारनंतर. मांडवाच्या दोन्ही बाजूंना पाण्याचे माठ भरून ठेवले आहेत.